कॉलेजचं जुनं स्टेडियम: पाडायचं, दुरुस्त करायचं की जागाच सोडायची?

२०२४ च्या सुरुवातीची गोष्ट. शिकागोला उत्तरेकडून अगदी चिकटून एव्हन्स्टन नावाचं गाव आहे, तिथे सेंट्रल स्ट्रीटवर जाळीच्या कुंपणाबाहेर मी जवळजवळ अर्धा तास उभा होतो. आत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचं फुटबॉल स्टेडियम पाडायचं काम चाललं होतं. पोकलेन काँक्रीटचा एखादा तुकडा ओढायचा, पण तो लगेच पडायचा नाही, आतल्या सळयांना धरून लोंबकळत राहायचा आणि मग धाडकन खाली. शेजारी जांभळी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ होते, म्हणाले माझे वडील मला इथे मॅचला आणायचे, मग मी माझ्या मुलीला आणायला लागलो. एवढंच बोलले आणि परत जाळीला धरून आत बघत राहिले.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. जुनं स्टेडियम सांभाळायचं की पाडून नवं बांधायचं ह्यावरून अमेरिकेत बऱ्याच गावांत वाद होतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की एका बाजूला आठवणी, दुसऱ्या बाजूला पैसा, संपलं. तसं नाहीये. त्यात काँक्रीट आहे, कायदा आहे, टॅक्स आहे, शेजारपाजाऱ्यांची झोप आहे. मला जसं समजत गेलं तसं सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, हा फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नाही, हेल्मेट घालून लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात तो. आणि 'कॉलेजची मॅच' ऐकून आपल्याकडच्या इंटरकॉलेज स्पर्धा डोळ्यासमोर आणू नका. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे, आणि ते ज्या ॲन आर्बरमध्ये आहे त्या गावाची सगळी वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. मॅचच्या शनिवारी अख्खं गाव त्या एका खड्ड्यात उतरल्यासारखं वाटतं (ते स्टेडियम बऱ्यापैकी जमिनीच्या खाली आहे, म्हणून खड्डा म्हटलं).

मग हा प्रश्न आत्ताच इतक्या ठिकाणी का आलाय? कारण ही सगळी एकाच पिढीची आहेत. पहिलं महायुद्ध संपल्यावर, गेलेल्या सैनिकांचं स्मारक म्हणून माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या गोळा करून स्टेडियम बांधायची लाटच आली, म्हणून इतक्या ठिकाणी नाव 'मेमोरियल स्टेडियम' असं सापडतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कले युनिव्हर्सिटीचं १९२३, इलिनॉयचं १९२३, नेब्रास्काचं १९२३, मिनेसोटाचं १९२४, नॉर्थवेस्टर्नचं १९२६, मिशिगनचं १९२७. म्हणजे सगळ्यांची शंभरी पाचेक वर्षांच्या अंतराने आली. ह्यांच्याही आधीचं एक आहे, हार्वर्डचं, १९०३ चं, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा हा खेळ इतका हिंसक झाला होता की मुलं मैदानात मरत होती आणि नियम बदलायची वेळ आली. एक सूचना अशी होती की मैदानच रुंद करा, म्हणजे रेटारेटी कमी होईल. पण हार्वर्डचं नवंकोरं काँक्रीटचं स्टेडियम मैदानाला इतकं लागून बांधलेलं की रुंद करायला जागाच नव्हती, मग ती सूचना मागे पडली आणि १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी दिली गेली. आज ज्या लांब पासवर लोक उभं राहून ओरडतात तो त्या नियमातून आलाय. इमारतीने खेळ घडवला, असं म्हणायला हरकत नाही.

आता काँक्रीट. 'स्टेडियम जुनं झालंय, धोकादायक आहे' हे वाक्य सगळ्यात आधी येतं, त्यामुळे ते समजून घ्या. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. काँक्रीट नवीन असतं तेव्हा त्याच्यातल्या अल्कलीमुळे सळई गंजत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो, ती अल्कली कमी होते, आणि त्यात भेगेतून पाणी शिरलं की गंज सुरू. गंजलेलं लोखंड फुगतं, ते आतून काँक्रीटला ढकलतं, मग पापुद्रे सुटतात. मुंबईत समुद्राजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये स्लॅबमधून सळया दिसायला लागतात ना, तोच प्रकार, फक्त मुंबईत खारी हवा काम करते आणि शिकागोकडे बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. शिवाय इथे थंडीत भेगेतलं पाणी गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के जास्त जागा मागतं, भेग रुंद होते, वितळतं, परत आणखी पाणी शिरतं, असं एका हिवाळ्यात कितीतरी वेळा. आणि स्टेडियम म्हणजे काय, छप्पर नसलेल्या पायऱ्याच पायऱ्या. प्रत्येक पायरीवर पाणी साठणार.

पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा आहे, हे सगळं दुरुस्त होतं. खराब भाग कापून काढायचा, सळया साफ करायच्या किंवा बदलायच्या, नवीन काँक्रीट, वॉटरप्रूफिंग. खर्चिक आहे, सारखं करत राहावं लागतं, पण होतं. हार्वर्डचं स्टेडियम १२० वर्षांनंतरही उभं आहे. म्हणून कुणी नुसतं 'वय झालंय' म्हणालं की स्ट्रक्चरल ऑडिट मागायचं, वय हे कारण नाही.

दुरुस्त होत नाही ते वेगळंच, आणि ते मला माझ्या बाबांमुळे कळलं. बाबा सांगलीहून आले होते, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्हीलचेअरवर होते, आणि त्यांना एकदा तरी ही गर्दी दाखवायची माझी फार इच्छा होती. स्टेडियमचं नाव घेत नाही, दुसऱ्या राज्यातलं आहे, जुनं आणि दिसायला अप्रतिम. तिकीट घेताना व्हीलचेअरची जागा आहे म्हणाले, होती पण. फक्त ती सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, आणि समोर खेळाडू उभे राहिले की बाबांना त्यांच्या पाठी दिसायच्या. वरून कमानीचा बोगदा, त्यातून उतार इतका तीव्र की मी आणि एक अनोळखी पोरगा दोघं मिळून खुर्ची मागे ओढून धरत खाली गेलो. टॉयलेटला जायचं तर तोच उतार परत वर. बाबा काही बोलले नाहीत, पाणी मात्र प्यायलेच नाहीत, चार तास. ते मला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

१९२० च्या दशकातल्या स्टेडियमचा खरा आजार हा आहे, त्याचा आकारच तसा आहे. बाकावर माणशी साधारण १८ इंच जागा, अरुंद जिने, मागची गल्ली इतकी चिंचोळी की मध्यंतरात लोक अडकून पडतात. दिव्यांगांसाठीचा अमेरिकेतला कायदा १९९० चा, म्हणजे ही सगळी बांधून झाल्यावर साठ-सत्तर वर्षांनी आलेला. मिशिगनवर ह्याच मुद्द्यावरून २००७ मध्ये केस झाली होती, २००८ मध्ये समझोता होऊन जागा वाढवाव्या लागल्या. भेग बुजवता येते, पण पायऱ्यांचा चढ कमी करायचा तर अख्खा स्टँड नव्याने ओतावा लागतो. नव्याच्या बाजूने जे काही बोललं जातं त्यातलं मला मनापासून पटलेलं कारण हेच.

बाकीची कारणं पैशाची. गणित साधं आहे, मीच कागदावर करून बघितलं. नॉर्थवेस्टर्नच्या नव्या स्टेडियमचा खर्च साधारण ८५ कोटी डॉलर सांगितला गेला. वर्षाला घरच्या मॅच किती, तर सातच्या आसपास. पन्नास वर्षं धरली तर ३५० मॅच. म्हणजे एका मॅचला साधारण २४ लाख डॉलर, नुसते बांधकामाचे, आणि नव्या स्टेडियमची क्षमता ३५,००० आहे म्हणजे प्रत्येक मॅच फुल गेली तरी खुर्चीमागे ६९ डॉलर. ह्यात व्याज नाही, देखभाल नाही, वीज नाही, कोचचा पगार नाही.

हे साध्या तिकिटावर निघत नाही, म्हणून मग दोन गोष्टी येतात. एक म्हणजे स्वीट आणि क्लब, काचेच्या मागच्या उबदार खोल्या, ज्यासाठी कंपन्या आणि श्रीमंत माजी विद्यार्थी वर्षाचे भरपूर पैसे मोजतात. मिशिगनने पाडलं नाही, पण २०१० मध्ये २२.६ कोटी डॉलर खर्चून दोन्ही बाजूंना अशा खोल्यांच्या इमारती चढवल्या. दुसरी गोष्ट म्हणजे मैदान इतर दिवशी भाड्याने देणं, मुख्यतः कॉन्सर्टला. आणि ही गरज अलीकडे वाढलीय. पूर्वी चांगली सीट मिळवायला कॉलेजला 'देणगी' दिली की त्यातल्या ८० टक्के रकमेवर टॅक्स सवलत मिळायची, ती २०१८ पासून बंद झाली. आणि २०२५ मध्ये कोर्टातल्या समझोत्यानंतर कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षाला प्रत्येक कॉलेजला वरची मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर. (खेळाडूंना पैसे मिळायलाच हवेत, इतकी वर्षं त्यांच्या जीवावर सगळे कमावत होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.) पण ते पैसे कुठून तरी येणार, म्हणून सगळ्यांची नजर स्टेडियमवर.

मध्येच कायद्याचं सांगतो, कारण ह्यात फार गैरसमज आहे. लोक म्हणतात 'ऐतिहासिक वास्तू आहे, पाडता येणारच नाही'. राष्ट्रीय यादीत नाव असलं तरी मालकाने स्वतःच्या पैशाने पाडायचं ठरवलं तर ती यादी त्याला अडवत नाही. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी लागणार असेल तेव्हाच तिचा विचार करावा लागतो. खरी ताकद असते ती गावाच्या स्थानिक नियमांत आणि झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जागेवर काय चालेल ते ठरवणाऱ्या नियमांत. राष्ट्रीय वास्तू ह्या दर्जाचं काय होतं ह्याचं उदाहरण शिकागोतच आहे, सोल्जर फील्ड हे स्टेडियम. बाहेरचे ग्रीक पद्धतीचे खांब ठेवून आत नवा काचेचा वाडगा बसवला, २००३ मध्ये उघडलं, आणि २००६ मध्ये त्याचा राष्ट्रीय दर्जा काढून घेतला. खांब अजून आहेत, बघून या, पण त्यांच्या डोक्यावर जे काही वाकलंय ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

आता ज्यांनी ठरवलं त्यांचं काय झालं ते बघू.

मिनेसोटाने जागा सोडली. १९२४ चं विटांचं स्टेडियम कॅम्पसवर होतं, ते सोडून १९८२ मध्ये टीम मिनियापोलिसच्या डाउनटाउनमधल्या मेट्रोडोममध्ये गेली, छपराखाली, उबदार, व्यावसायिक संघांबरोबर शेअर करून. कागदावर सगळं बरोबर होतं, देखभालीचा खर्च वाचतो, थंडी नाही. पण विद्यार्थी तुटले. वर्ग संपवून, हॉस्टेलवरून मित्रांबरोबर चालत जायचं, वाटेत बँडचा आवाज यायला लागतो आणि पाय आपोआप भरभर पडतात, ते गेलं, बसने दुसऱ्याच्या घरी जाऊन मॅच बघायची झाली. १९९२ मध्ये जुनं पाडलं. आणि २००९ मध्ये परत कॅम्पसवर उघड्या आकाशाखाली नवं बांधलं, सुमारे २८.८ कोटी डॉलर, त्यातला जवळजवळ निम्मा भाग राज्याचा. २७ वर्षं बाहेर राहून परत घरी. मी तिथे गेलो होतो तेव्हा जुन्या स्टेडियमची विटांची कमान बघितली, माजी विद्यार्थ्यांच्या इमारतीत आत जपून उभी केलीय. जवळ जाऊन विटेला हात लावला तर गुळगुळीत, थंडगार, आणि कडांना अजून बाहेरच्या हवेने खाल्लेल्या खुणा.

पिट्सबर्गने तेच केलं, फक्त परत आले नाहीत. १९२५ चं पिट स्टेडियम, शेवटची मॅच नोव्हेंबर १९९९ मध्ये नोत्र दाम युनिव्हर्सिटीविरुद्ध, जिंकले ३७-२७, मग पाडलं आणि तिथे बास्केटबॉलचं अरीना झालं. आता टीम नदीपलीकडे स्टीलर्स ह्या व्यावसायिक संघाच्या स्टेडियमात खेळते, साधारण ६८,००० खुर्च्या, आणि कॉलेजच्या मॅचला पिवळ्या रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर ठळक दिसतात. मूळ जागेवर परत जायचं म्हटलं तरी आता जागाच नाही.

बर्कलेने उलट केलं, काहीही झालं तरी जागा सोडायची नाही. आणि जागा कुठली तर बरोबर भूकंपाच्या रेघेवर, हेवर्ड फॉल्ट स्टेडियमच्या खालून जवळजवळ एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत जातो. तिथली जमीन भूकंप नसतानाही हळूहळू सरकत असते, त्यामुळे भिंतींत फटी पडत होत्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा रेघेवरच्या इमारतीवर तिच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्चाचे बदल करता येत नाहीत, म्हणजे दुरुस्तीलाच मर्यादा. शेजारी खेळाडूंची इमारत बांधायला ओकची झाडं तोडायची होती तर लोक झाडांवर चढून बसले, डिसेंबर २००६ ते सप्टेंबर २००८, एकवीस महिने. शेवटी इंजिनीअरांनी जे केलं ते मला फार आवडतं: रेघेवरचे स्टँडचे भाग बाकीच्या वाडग्यापासून कापून सुटे केले, खाली वाळू आणि प्लास्टिकचे थर दिले, म्हणजे जमीन सरकली तर ते भाग तुटणार नाहीत, सरकतील. बाहेरची जुनी भिंत तशीच ठेवली. २०१२ मध्ये उघडलं, खर्च ३२.१ कोटी डॉलर.

इथपर्यंत कौतुक. आता पैसे कसे उभे केले ते ऐका. श्रीमंत चाहत्यांना सीटचे चाळीस-पन्नास वर्षांचे हक्क विकायचे आणि त्यातून कर्ज फेडायचं अशी योजना होती, मध्येच २००८ ची मंदी आली, हक्क ठरवले होते तितके विकले गेले नाहीत, आणि शेजारची इमारत धरून सुमारे ४४.५ कोटी डॉलरचं कर्ज खेळ विभागाच्या डोक्यावर राहिलं. पुढे २०१८ च्या सुमारास त्यातला निम्म्याहून जास्त भार युनिव्हर्सिटीने स्वतःच्या अंगावर घेतला. म्हणजे जुनं जपणं स्वस्त पडतं हाही गैरसमजच.

आणि आता नॉर्थवेस्टर्न. जेम्स गॅम्बल रॉजर्स नावाच्या आर्किटेक्टने केलेलं, पश्चिमेकडचा स्टँड वळणदार, दोन्ही टोकांना बुरूज. १९९७ मध्ये नाव बदलून रायन फील्ड झालं. टीम म्हणाल तर एका काळात सलग ३४ मॅच हरलेली, आणि १९८२ मध्ये ती मालिका तुटली तेव्हा पोरांनी गोलपोस्ट उपटून लेक मिशिगनमध्ये नेऊन टाकला. युनिव्हर्सिटी छोटी, ४७,००० चं स्टेडियम क्वचित भरायचं, नेब्रास्कासारखी टीम आली की निम्मं स्टेडियम त्यांच्या लाल रंगाने भरलेलं. मग रायन कुटुंबाने २०२१ मध्ये युनिव्हर्सिटीला एकूण ४८ कोटी डॉलरची देणगी जाहीर केली, त्यातला मोठा भाग स्टेडियमसाठी, आणि त्यांनी ठरवलं की त्याच जागेवर, पण लहान बांधायचं.

अडलं ते शेजाऱ्यांपाशी. स्टेडियम घरांच्या मध्ये आहे, जवळच हॉस्पिटल, आणि युनिव्हर्सिटीला तिच्या सनदेतल्या १८५५ च्या दुरुस्तीमुळे प्रॉपर्टी टॅक्स माफ. लोकांचं म्हणणं असं की मॅच ठीक आहेत, सात शनिवार आम्ही शंभर वर्षं सोसले, उलट अंगणात पार्किंग देऊन मजाही केली, पण जी संस्था टॅक्स भरत नाही तिने आमच्या दारात कॉन्सर्टचा धंदा का करावा? वर्षाला सहा कॉन्सर्टची परवानगी हवी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये गावाच्या कौन्सिलमध्ये मतं ४-४ पडली आणि मेयरच्या मताने झोनिंगचा बदल मंजूर झाला. मग दोन सीझन टीम मुख्यतः तळ्याकाठच्या तात्पुरत्या छोट्या स्टेडियमवर खेळली, काही मॅच शिकागोतल्या रिग्ली फील्ड ह्या बेसबॉलच्या मैदानावर, आणि नवं उघडायचं ठरलं २०२६ मध्ये, जुन्याच्या बरोबर शंभराव्या वर्षी.

माझं मत विचाराल तर जागा सोडली नाही हे त्यांनी शंभर टक्के बरोबर केलं. मिनेसोटा आणि पिट्सबर्ग बघितल्यावर मला वाटतं की भिंतीपेक्षा जागा मोठी, पोरांना चालत जाता आलं पाहिजे, गावाला आवाज ऐकू गेला पाहिजे. (अपवाद असतात. यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी, १९८२ पासून कॅम्पसपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या १९२२ च्या रोझ बोलमध्ये खेळते, २०२५ मध्ये तिथून निघायच्या हालचालींवरून पासाडेना शहर कोर्टात गेलं, करार २०४४ पर्यंतचा आहे म्हणून. तिथे जुनी जागाच लांबची आहे, तिथे कॅम्पसचा मुद्दा लागूच होत नाही.) लहान बांधलं तेही बरोबर, रिकाम्या बाकांपेक्षा रुंद खुर्च्या बऱ्या. पण पश्चिमेची ती बुरुजांची बाजू ठेवायला हवी होती असं मला अजूनही वाटतं. बर्कलेने सरकत्या जमिनीवर भिंत वाचवली, इथली जमीन तर जागची हलत नाही. आणि कॉन्सर्टबाबत मी शेजाऱ्यांच्या बाजूने आहे, सहाचे पुढे दहा करायला कुणी येईल तेव्हा त्यांना परत त्याच कौन्सिलच्या खुर्च्यांवर रात्री उशिरापर्यंत बसावं लागणार आहे.

मागच्या महिन्यात बाबांना फोनवर हे सगळं सांगत होतो, खांब, बुरूज, कर्ज, मतदान. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, नव्यात लिफ्ट आहे का रे? आहे म्हटलं. मग वरच्या मजल्यावरचं काढ तिकीट, म्हणाले, मागच्या वेळी मला मैदान दिसलंच नव्हतं.